वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघरातले आणि अंगणातले रंग

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांत रंगांविषयीची पत्रे इतकी होती की दुसरा विषय घ्यावासा वाटला नाही. प्रश्न निवडताना एकच कसोटी लावली : उत्तर वाचकाला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता आले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे सामान घरात, परसात किंवा जवळच्या दुकानात मिळाले पाहिजे. एक सवय मात्र सुरुवातीपासून लावून घ्यावी. प्रत्येक प्रयोगात एक तुकडा काहीही न करता बाजूला ठेवावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन रंग शेजारी ठेवले तर डोळा बारीक फरकही टिपतो, पण कालचा रंग आठवून तो आजच्याशी ताडायला गेलो तर हमखास फसतो.

प्रश्न : पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला. साबण लावताच तो लालभडक झाला, धुतल्यावर पुन्हा पिवळा झाला आणि उन्हात वाळत घातल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. हे काय घडले? (एक गृहिणी, सांगली)

आपण पाहिलेले बदल दोन वेगवेगळ्या कारणांनी घडले आहेत, म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार करू. हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे राहते. परंतु आम्लाच्या उलट गुणधर्माचा पदार्थ, म्हणजे आम्लारी, त्याला भेटला की त्याच्या रेणूची ठेवण थोडी बदलते, तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो आणि आपल्याला तांबूस रंग दिसतो. कपडे धुण्याचा साबण आम्लारिधर्मी असतो. तो धुऊन निघाला की रेणू मूळ स्थितीत येतो आणि डाग पुन्हा पिवळा होतो. हळदीने रंगवलेल्या सुती कापडाच्या तुकड्यांवर लिंबाचा रस, खाण्याच्या सोड्याचे पाणी, पापडखाराचे पाणी आणि चुन्याची निवळी यांचे एकेक थेंब टाकून पाहावेत. सोड्यापेक्षा पापडखार अधिक लाली आणतो आणि चुना त्याहून अधिक, म्हणजेच हळद केवळ आम्लारी आहे की नाही एवढेच सांगत नाही, तर तो किती तीव्र आहे याचाही ढोबळ अंदाज देते. लाल झालेल्या ठिकाणी लिंबू पिळले की पिवळा रंग परत येतो.

उन्हाने होणारा बदल मात्र परतीचा नाही, कारण तेथे कर्क्युमिनचा रेणूच मोडतो. तो कशाने मोडतो, उष्णतेने की प्रकाशाने, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे आणि तो घरी सोडवता येतो. हळदीत रंगवलेले तीन सारखे तुकडे घ्यावेत. एक उघड्या उन्हात ठेवावा, दुसरा त्याच उन्हात स्टीलच्या ताटाखाली ठेवावा, तिसरा बंद खिडकीच्या काचेआड ऊन लागेल असा ठेवावा. ताटाखालचा तुकडा चांगला तापतो, तरीही त्याचा रंग टिकतो. काचेआडचा मात्र फिका पडतो. म्हणजे दोष उष्णतेचा नव्हे, प्रकाशाचा, आणि तोही केवळ काच अडवते त्या अतिनील किरणांचा नव्हे. हळद आपल्याला पिवळी दिसते, कारण ती पांढऱ्या प्रकाशातील निळा-जांभळा भाग शोषून घेते, आणि जो प्रकाश शोषला जातो तोच रेणूला मोडू शकतो. याची खात्री करायची असेल तर आणखी दोन तुकड्यांपैकी एकावर लाल आणि दुसऱ्यावर निळा जिलेटिनचा कागद ठेवून ते उन्हात ठेवावेत. लाल कागदाखालची हळद बऱ्याच अंशी टिकते, निळ्याखालची लवकर उतरते. एवढ्या साध्या सामानात प्रकाशाच्या रंगाचा आणि रासायनिक बदलाचा संबंध डोळ्यांनी पाहायला मिळतो, आणि मला स्वतःला हा घरगुती प्रयोगांतील सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

डागापुरते सांगायचे तर लाल रंग पाहून घाबरू नये आणि घाईने ब्लीच ओतू नये. साबणाने तेल काढावे, कपडा खळबळून घ्यावा आणि ओला असतानाच डागाची बाजू वर करून उन्हात पसरावा.

प्रश्न : हळद उन्हात उडते या गुणधर्माचा उपयोग करून मुलांकडून चित्रे करून घेता येतील का? (चित्रकला शिक्षक, नाशिक)

नक्कीच येतील, आणि या कल्पनेला मोठी परंपरा आहे. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जाणारे इंग्लंडचे जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये फुलांच्या आणि पानांच्या रसांवर सूर्यप्रकाशाचा काय परिणाम होतो याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला; त्याच दशकात मेरी सॉमरव्हिल यांनीही वनस्पतींच्या रसांवर असेच प्रयोग केले. रसाने रंगवलेल्या कागदावर वस्तू ठेवून ऊन दाखवले की उघडा भाग फिका पडतो आणि झाकलेल्या भागात चित्र उरते. त्यांनी तपासलेले पुष्कळ रस फार सावकाश उडतात, काहींना कित्येक दिवस लागतात. आपल्याकडील कडक उन्हात हळद मात्र काही तासांत काम करते, त्यामुळे शाळेच्या एका दिवसात प्रयोग पूर्ण होतो.

कर्क्युमिन थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून औषधांच्या दुकानात मिळणारे स्पिरिट वापरावे. अर्ध्या वाटी स्पिरिटमध्ये दोन चमचे हळद कालवून, ती खाली बसू देऊन, वरचा स्वच्छ पिवळा द्रव दुहेरी सुती कापडातून गाळून घ्यावा. स्पिरिट चटकन पेट घेते, त्यामुळे हे काम शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास कोणतीही ज्योत नसताना करावे. जाड चित्रकलेच्या कागदावर रुंद ब्रशने दोन हात द्यावेत आणि कागद अंधाऱ्या कपाटात वाळवावा. नंतर त्यावर पान ठेवून वरून फोटोच्या चौकटीतील काच दाबून बसवावी आणि सर्व काही भर उन्हात ठेवावे. सकाळी अकराच्या सुमारास ठेवलेला कागद दुपारी दोन-तीनपर्यंत पाहण्याजोगा होतो, पण ढग असतील तर वेळ वाढतो. पान हलवून मध्येच डोकावू नये, कारण ते पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसत नाही. त्यापेक्षा कडेची एक पट्टी पुठ्ठ्याने झाकावी आणि किती फरक पडला ते फक्त तेथे उचलून पाहावे.

पानाची निवड हा यातील खरा कलेचा भाग. पिंपळाचे ताजे पान नुसती बाह्याकृती देते, कारण त्यातून फारच थोडा प्रकाश पार होतो. तेच पान पाण्यात कुजवून त्याचा हिरवा गर धुऊन काढला आणि जाळी उरू दिली, तर कागदावर शिरा न् शिरा उमटते. चिंच, शेवगा, लाजाळू यांची संयुक्त पाने आणि पावसाळ्यानंतर मिळणारे नेचे उत्तम ठसे देतात. मुलांना आधी पाने गोळा करू द्यावीत, कोणते पान कसे उमटेल याचा अंदाज वहीत लिहायला सांगावे आणि मगच ऊन दाखवावे. अंदाज चुकलेले पान वर्गात अधिक चर्चा घडवते.

चित्र तयार झाल्यावर धुण्याच्या सोड्याचे पातळ पाणी फवाऱ्याने हलके मारले तर टिकून राहिलेली हळद तांबूस होते आणि फिक्या भूमीवर पान उठून दिसते. हे चित्र कायमचे पक्के करण्याचा खात्रीचा मार्ग नाही. वहीच्या पानांत मिटून ठेवले तर ते दीर्घकाळ राहते, भिंतीवर लावले तर हळूहळू विरते, आणि ते का विरते हे मुलांना आता ठाऊक असते.

प्रश्न : चुन्याने लाल झालेली हळद लिंबाने पिवळी होते, हे आम्ही करून पाहिले. पण घरी कुंकू करताना हळदीत लिंबाचा रसच घालतात असे माझ्या आजेसासूबाई सांगत. मग ते लाल कसे राहते? आणि बाजारातील कुंकवात दुसरा रंग आहे का, हे कसे ओळखावे? (एक वाचक भगिनी, पंढरपूर)

हा प्रश्न फार बारकाईने विचारलेला आहे. कुंकू करण्याच्या कृती घरोघरी वेगळ्या असतात. काहींत हळद आणि चुना असतो, तर काहींत हळद, टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस असतो. तुमच्या आजेसासूबाईंच्या कृतीत लिंबू असेल तर टाकणखारही असला पाहिजे. टाकणखारात बोरॉन हे मूलद्रव्य असते. आम्लाच्या संगतीत आणि मिश्रण वाळत असताना बोरॉनचा अणू कर्क्युमिनच्या रेणूंशी जोडला जातो आणि एक निराळेच लाल संयुग तयार होते. या लाल रंगाला टिकून राहण्यासाठी आम्लारीची गरज नसते. रसायनशास्त्रज्ञ एखाद्या पदार्थात बोरॉन आहे का हे ओळखण्यासाठी हळदीत भिजवलेला कागद दीर्घकाळ वापरत आले आहेत, ते याच अभिक्रियेच्या आधारावर.

दोन वाट्या घ्याव्यात. एकीत हळद आणि चुन्याची निवळी, दुसरीत हळद, चिमूटभर टाकणखार आणि लिंबाचा रस कालवावा आणि दोन्ही सावलीत पूर्ण वाळू द्यावे. मग दोन्हींवर लिंबाचा एकेक थेंब टाकून पाहावा. टाकणखार पोटात जाता कामा नये, म्हणून प्रयोगाच्या वाट्या आणि चमचे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत.

बाजारातील कुंकवाविषयीही आपण विचारले आहे. चिमूटभर कुंकू थंड पाण्यात टाकताच पाणी लालभडक झाले, तर त्यात पाण्यात विरघळणारा दुसरा रंग असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. यावरून पक्का निष्कर्ष निघत नाही, परंतु ज्यांच्या कपाळाला खाज किंवा चट्टे येतात त्यांनी एवढी खूण पुरेशी मानून ते कुंकू बदलावे.

प्रश्न : लाल जास्वंदीची पाकळी वहीवर घासली तर रेघ जांभळी येते. फूल लाल असून असे का? (इयत्ता सहावीतील विद्यार्थिनी, सातारा)

तुझे निरीक्षण अगदी बरोबर आहे. जास्वंदीच्या रंगद्रव्याच्या कुळाला अँथोसायनिन म्हणतात. पाकळीच्या पेशींत जो रस असतो तो थोडा आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो, आणि आम्लात हे रंगद्रव्य लाल दिसते. तू पाकळी घासतेस तेव्हा पेशी फुटतात आणि रस कागदावर पसरतो. आजच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळलेली असते. तिच्यामुळे रसाचा आंबटपणा कमी होतो आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. हे खरे आहे का ते तूच तपास. तीच पाकळी वहीच्या कागदावर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आणि स्वच्छ धुतलेल्या सुती चिंधीवर घास आणि तिन्ही रेघांची तुलना कर. जांभळ्या रेघेवर लिंबाचा थेंब टाकलास तर ती गुलाबी होईल, आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून चुन्याच्या निवळीचा थेंब टाकून घेतलास तर हिरवी होईल. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने रंगांवरील प्रयोगांचे पुस्तक १६६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात जांभळ्या व्हायोलेट फुलांचा रस आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवा होतो हे नोंदवलेले आहे. तुझी रेघ तेच दाखवते.

आता एक पाऊल पुढे जा. आईने लाल माठाची भाजी धुऊन शिजवली की तिचे थोडे लाल पाणी मागून घे, आणि बीटचा रसही घे. या दोन्हींवर लिंबू आणि चुन्याची निवळी वापरून पाहा. लिंबाने त्यांचा रंग फारसा बदलत नाही, आणि चुन्याने ते हिरवे न होता पिवळसर होतात. याचे कारण असे की माठ आणि बीट यांचा लाल रंग अँथोसायनिनचा नसून बीटालेन या दुसऱ्याच कुळातील द्रव्यांचा आहे. डोळ्याला दोन्ही लाल सारखेच वाटतात, पण चुन्याचा एक थेंब त्यांना वेगळे करतो. आणखी नवल असे की अँथोसायनिन आणि बीटालेन ही दोन्ही कुळे निसर्गात एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. ज्या वनस्पतीने एक धरले तिने दुसरे सोडले. बोगनवेल, माठ आणि बीट बीटालेनवाल्यांत मोडतात. गोकर्ण, जांभूळ आणि जांभळा कोबी कोणत्या गटात पडतील, ते आधी वहीत लिही आणि मग थेंब टाकून पाहा.

प्रश्न : कोकमाचे सरबत सांडलेला टेबलक्लॉथ साबणाने धुताना डाग निळसर-करडा झाला. कोकमात भेसळ होती का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

भेसळ नव्हती, उलट हे कोकम खरे असल्याचे लक्षण आहे. कोकमाचा रंगही अँथोसायनिनचाच, त्यामुळे साबणाने तो लाल राहत नाही. सरबतात तो इतका तेजस्वी लाल दिसतो, कारण कोकम स्वतःच भरपूर आंबट असते. थोडे आगळ पाण्यात पातळ करून त्यात खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घालत गेले तर लाल, जांभळा आणि शेवटी मळकट हिरवट असा प्रवास दिसतो. सोडा घालताना फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा असतो.

प्रश्न : आमच्याकडे पळस खूप फुलतो. रंगपंचमीसाठी त्याचा रंग करतो, पण कापडावर तो टिकत नाही. चुना घातल्याने रंग गडद होतो असे ऐकले, घालावा का? (शेतकरी वाचक, गोंदिया)

खेळायच्या रंगात चुना मुळीच घालू नये. चुन्याचे पाणी डोळ्यांत गेले तर गंभीर इजा होते, आणि पिचकारीचे पाणी कोठे जाईल याचा नेम नसतो. पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळली की मिळणारा केशरी-पिवळा रंग खेळायला पुरेसा असतो.

कापड रंगवण्याचा मार्ग निराळा आहे. पळसाचे रंगद्रव्य पाण्यात सहज उतरते, म्हणूनच ते पाण्याने सहज निघूनही जाते. सुती धाग्याला धरून राहण्यासाठी त्याला मध्यस्थ लागतो, आणि ते काम तुरटी करते. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरतो. खळ काढलेल्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्यावेत, एक तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवावा आणि दुसरा साध्या पाण्यात, मग दोन्ही पळसाच्या एकाच पातेल्यात एकाच वेळी अर्धा तास उकळावेत. सावलीत वाळल्यावर दोन्ही तुकडे एकत्र धुवावेत आणि किती रंग उतरला ते पाहावे. तुरटीच्या आधी कापड हिरड्याच्या काढ्यात बुचकळले तर सुतावर तुरटी अधिक चांगली बसते, हे आपल्याकडील जुन्या रंगाऱ्यांचे तंत्र आहे.

माझी एक विनंती आहे. फुले झाडावरून तोडू नयेत, खाली पडलेली वेचावीत. पळस फुलतो तेव्हा तो बहुधा निष्पर्ण असतो आणि रानात इतर अन्न कमी असते. त्या दिवसांत बुलबुल, साळुंक्या आणि शिंजीर त्याच्या मधावर येतात व परागीभवन घडवून आणतात. पडलेल्या फुलांतही रंग असतोच, आणि एका झाडाखाली सकाळी टोपलीभर फुले सहज मिळतात.

प्रश्न : आमच्या भागात हिरड्याची झाडे पुष्कळ आहेत. हिरड्यापासून शाई होते असे म्हणतात. विद्यार्थ्यांना ती करून दाखवता येईल का? (माध्यमिक शिक्षक, जुन्नर तालुका)

आपल्या परिसरातील अनेक आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात, तेव्हा विद्यार्थ्यांना कच्चा माल नवा नाही. हिरड्याच्या फळाच्या सालीत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये भरपूर असतात. मूठभर साल फोडून दोन कप पाण्यात निम्मे पाणी उरेपर्यंत उकळावी आणि गाळावी. दुसऱ्या बाटलीत गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये चार-सहा दिवस बुडवून ठेवावेत. झाकण सैल ठेवणे आवश्यक आहे, कारण लोखंड आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन बाहेर पडतो. आता हिरड्याच्या पिवळट काढ्यात लोखंडाचे हे पाणी थेंब थेंब घातले की काही क्षणांत काळेपणा पसरतो. लोखंड आणि टॅनिन यांचे काळे संयुग तयार होते. बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी मिसळले तर शाई कागदावर फुटत नाही.

बोरू करून या शाईने लिहायला लावावे आणि अक्षरांचा रंग लिहिताक्षणी, तासाभराने व दुसऱ्या दिवशी असा तीनदा नोंदवायला सांगावा. अक्षरे हळूहळू गडद होत जातात, कारण हवेतील ऑक्सिजनने लोखंडाचे रूप बदलते आणि काळे संयुग वाढते. विद्यार्थ्यांना विचारावे की लोखंडी कढईत केलेली आवळ्याची भाजी काळी का पडते. उत्तर त्यांच्या वहीवरच लिहिलेले असेल. चहाचा कडक काढा, डाळिंबाची साल आणि बाभळीची साल घेऊनही शाई करून पाहावी. प्रत्येकीची छटा वेगळी येते.

या शाईशेजारी काजळीची शाईही जरूर ठेवावी. दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात खलून ती करता येते, आणि जुन्या पोथ्या लिहिण्यासाठी काजळीची शाई वापरली जात असे. दोन्ही शायांनी ओढलेल्या रेघांवर लिंबाच्या रसाचा थेंब ठेवावा. हिरड्याची रेघ फिकट होते, कारण लिंबातील आम्ल लोखंडाला टॅनिनपासून ओढून घेते. काजळी म्हणजे कार्बन, तिच्यावर लिंबाचा रासायनिक परिणाम होत नाही. लोखंडी शाई मुळात आम्लधर्मी असल्यामुळे काळाच्या ओघात कागदालाही खाते, म्हणून ती महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी वापरू नये.

प्रश्न : लिटमस दगडफुलापासून करतात असे वाचले. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलापासून घरी लिटमस कागद करता येईल का? (एक वाचक, इंदूर)

लिटमस दगडफुलांच्याच वर्गातून येते, पण त्यासाठी समुद्रकाठच्या खडकांवर वाढणाऱ्या रोसेला नावाच्या दगडफुलांचा वापर होत असे, आणि ती अमोनियाच्या संगतीत कित्येक आठवडे मुरवावी लागत. मसाल्यातील दगडफूल निराळ्या प्रजातीचे आहे, त्यामुळे त्यापासून तसा कागद मिळण्याची अपेक्षा ठेवू नये आणि घरात अमोनिया हाताळूही नये. घरच्या कामासाठी जास्वंदीच्या रसात बुडवून सावलीत वाळवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या कराव्यात. त्यांच्या जोडीला हळदीच्या पट्ट्या ठेवल्या तर आम्लासाठी जास्वंद आणि आम्लारीसाठी हळद असे दोन साक्षीदार मिळतात. दोन्ही पट्ट्या काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. प्रकाशात त्या लवकर निकामी होतात.